खताचं फिरतं पिंप

कौसा, तुला पोहोचवायला किती माणसं आली होती म्हणून सांगू? आपल्या दारापासून जी रांग लागली ती थेट रेल्वे स्टेशनपर्यंत. दोन गाड्या खोळंबल्या. तू असतीस तर तव्यावरची भाकरी उलटता उलटता, मान वर न करता, नुसतं "व्हय?" म्हणाली असतीस आणि मी मुकाट्यानं स्टेशनवरून मागं फिरून गल्लीच्या तोंडाशी आलो असतो. आणखी एकदा "व्हय?" म्हणाली असतीस तर शेजारच्या ओट्यापर्यंत. आता मला मागं बोलावणारं कुणी नाही, माझं मलाच यावं लागतं. लई चालणं होतं. तर साठ-सत्तर माणसं होती. समोरच्या पद्मक्कानं मोजली होती.

तुझं माहेर कुठलं, वय किती, मागे कोण कोण, हे सगळं पेपरातल्या चौकोनात छापून आलं. ते इथं पुन्हा लिहीत नाही. त्या चौकोनात न मावलेली एक गोष्ट आहे. अडतीस वर्षांत मी तुला हजारो थापा मारल्या आणि त्या सगळ्या तुला ठाऊक होत्या, म्हणून त्यांचं ओझं मला कधी वाटलं नाही. एकच थाप अशी आहे, की ती तुला कळली का नाही हे मला माहीत नाही. ती खताची. त्या थापेवर विश्वास ठेवून तू गल्लीतल्या दोन बायकांना शब्द दिलास आणि बारा दिवसांनी गेलीस. गल्लीत माझ्या शब्दाला किंमत नाही, पण तुझ्या शब्दावर लोक डोळे झाकून चालतात. तो तुझा शेवटचा शब्द माझ्यामुळं खोटा पडायला आला होता. तेच सांगायला बसलोय.

सुरुवात तुझ्या घंटागाडीवरच्या रागापासून झाली. गाडी गाणं वाजवत आली की गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन धावायच्या. तू मात्र मेथीच्या देठांची बादली पोटाशी धरून दारात उभी, जशी काही गाडी पोर पळवायला आलीय. भाजीची देठं, शेंगांची टरफलं, चहाचा चोथा हे सगळं गाडीत ओतायचं आणि मागच्या दारच्या कढीपत्त्याला विकतचं खत घालायचं, हे तुला पटतच नव्हतं. तू सांगोल्याकडं मेंढरांमागं वाढलीस. तुझ्या वडिलांचा कळप आपल्या वावरात बसावा म्हणून शेतकरी निरोपावर निरोप धाडायचे, आणि मेंढरं उठून गेली की त्या रानात पुढची दोन वर्षं ज्वारीचं कणीस हातभर यायचं, असं तू सांगायचीस. दर वेळी हातभरच. एका बोटानंही कधी वाढवलं नाहीस. मी तीच गोष्ट चौकात सांगताना कणीस काढायला शिडी लावायचो.

गेल्या थंडीत आपण शेतीच्या प्रदर्शनात घरच्या खतासाठी भांडं निवडायला गेलो. भांडं म्हणजे काय काय होतं तिथं! हिरव्या प्लॅस्टिकचे डबे, एकावर एक ठेवायचे मातीचे तीन माठ, काळ्या कापडाच्या पिशव्या. विकणारा पोरगेला माणूस पाठ केल्यासारखं बोलत होता. आमच्या डब्याला अजिबात वास येत नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं. तू त्याच्या डब्यातलं चिमूटभर खत बोटांत चोळलंस, नाकाशी नेलंस आणि त्याला शांतपणे विचारलंस, "वास येत न्हाय, मग हे खत हाय का भुसा?" मग माठवाल्याकडं. माठ चांगले आहेत पण आपल्याकडच्या उन्हात आतला ओला कचरा दुपारपर्यंत पापड होईल, आणि नळ येतो चार-पाच दिवसांनी, माठाला पाणी पाजायचं का माणसांना, असं तू म्हणालीस. कापडी पिशवी बघून तर तू हसलीसच. उंदराचं सासर आहे म्हणालीस.

तुला हवा होता विटांचा जाळीचा हौद. चुना नाही, सिमेंट नाही, वीट सोडून वीट ठेवायची, मधल्या भोकांतून वारं खेळतं, खालून पाझरतं, वरून एक थर ओला आणि एक थर टरफलांचा. तुझ्या माहेरी कुणाच्या तरी बांधावर तू तो बघितला होतास. जागा हवी चार फूट बाय तीन फूट. आणि आपल्या मागच्या दारी तेवढी मोकळी जागा एकच, जिथं माझा पान्या-हातोड्यांचा बाक होता.

इथं माझी खोड आडवी आली. चौतीस वर्षं मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बिघडला की तो उघडायचा आणि पुन्हा चालता करायचा, हे माझं काम. निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताखाली एक शिलाई मशीन आणि तुझा मिक्सर एवढंच उरलं होतं, आणि तो बाक हलवायचा म्हणजे माझी नोकरी दुसऱ्यांदा जाणार. हे मी तुला सांगितलं नाही. मी सांगितलं, की विटा ही जुन्या काळची गोष्ट झाली, मी तुला असं यंत्र करून देतो की सांगली-कोल्हापूरची माणसं बघायला येतील. रंगखान्यातलं जुनं निळं पिंप आणायचं, ते आडवं करून दोन बेअरिंगवर बसवायचं, मागाच्या भंगारातला शाफ्ट घालायचा, बाजूला दांडा. रोज चार फेरे मारले की अठरा दिवसांत खत.

"व्हय?" तू म्हणालीस.

"बरं, महिना."

"व्हय?"

"दोन महिने. त्याच्या आत नाही झालं तर नाव बदल."

"नाव कशाला बदलू, नाव बरं हाय तुमचं," तू म्हणालीस. "चार म्हयन्यांत खत दावा. न्हाय दावलं तर हितनं तुमचा बाक जाईल आणि विटा येतील."

पिंप झालं मात्र देखणं. आठ दिवस खपलो. एका बोटानं फिरायचं ते. गल्ली बघायला आली. पलीकडच्या मास्तरीणबाई, ज्यांनी अर्ध्या सोलापूरला बाराखडी शिकवली, त्या चष्मा पुसून म्हणाल्या की याला विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळेल. आणि मी माझ्या धंद्याची सवय त्यात घातली. मागावर सैल काही चालत नाही. फट दिसली की बुजवायची, हेच मी जन्मभर केलं. पिंपाच्या झाकणाला मी आतून रबर लावलं, वरून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, वर चार बोल्ट. आतून वारा जाईल का मुंगी? तुझ्याकडं मोठ्या तोऱ्यात बघितलं. तू पिंपावर हात फिरवलास आणि म्हणालीस, "दम कोंडंल की वो त्याचा." मी म्हणालो, खताला कसला आलाय दम.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. पहिल्या पंधरवड्यात पिंप गळलं, ते राणी रंगाचं पाणी. रंगखान्यातलं पिंप मी सात वेळा धुतलं होतं, तरी टॉवेलचा रंग कुठंतरी तळाशी दडून बसला होता. पांढऱ्या जास्वंदीचं आळं गुलाबी झालं आणि मी गल्लीत सांगून टाकलं की आता कौसाच्या झाडाला राणी रंगाची फुलं येणार. पद्मक्काचे सासू-सासरे, नवरा, दीर, सगळं घर मागावरचं. तिला रंगातलं मी काय सांगणार? ती म्हणाली, "अय्यो अण्णा, हा रंग कच्चा आहे, दोन धुण्यांत जाईल." तू पदर तोंडाला लावून आत गेलीस. किती हसलीस त्या दिवशी. आतून भांडी पडल्याचा आवाज आला.

मग फाल्गुनात तुझं पोट दुखायला लागलं आणि आपण सगळेच पिंपातून बाहेर आलो.

दवाखान्यात पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांतलं मी काही वाढवून सांगणार नाही. वाढवायला त्यात जागाच नव्हती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी आत येऊन तुला सांगितलं नाही. मी सांगितलं, गाठ लिंबाएवढी आहे, औषधानं चिंचोक्याएवढी होईल, मग नुसती शिंक दिली तरी पडेल. तू "व्हय" म्हणालीस. त्यात प्रश्न नव्हता. मला वाटलं, पटलं.

औषधांनी तुझी चव गेली. वासही गेला. लेक पुण्याहून आली होती, तिनं तुझ्या आवडीची शेंगांची चटणी आणली, तर तू म्हणालीस की माती खाल्ल्यासारखं लागतंय. ज्या बाईनं चाळीस पावलांवरून कुणाच्या घरी तूप करपलंय ते सांगावं, तिनं. तरी रोज संध्याकाळी मी आलो की तुझा पहिला प्रश्न ठरलेला. दुखण्याचा नाही, लेकीचा नाही. "खत झालं का?"

मी रोज म्हणायचो, होत आलंय. आणि घरी पिंपाचं झाकण उघडलं की जो भपकारा यायचा! घंटागाडीवाला आपल्या दारासमोरून गाडी न थांबवता नेत होता, असं मी सांगितलं असतं. खरं एवढंच, की पद्मक्कानं खिडकी लावून घेतली. आत काळपट चिखल, अळ्या, आणि त्यावर तुझी शेंगांची टरफलं जशीच्या तशी तरंगत होती. मला ते साफ करायचं बळ नव्हतं. मी बोल्ट पुन्हा आवळायचो आणि तुझ्याकडं यायचो.

एका संध्याकाळी तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. तुला उठून बसायचंसुद्धा नव्हतं, आणि खताचं विचारलंही नाहीस. पहिल्यांदाच. मी खुर्ची ओढली आणि न विचारताच सांगितलं, "कौसा, खत झालं." तू वळलीस. मी सुटलो. काळंभोर, म्हणालो, मऊ, हातात धरलं तर सुटून जातंय, कॉफीची पूड जशी. आता फक्त तू घरी येऊन कढीपत्त्याच्या बुडाशी घालायचंस.

"मूठभर आना," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी मी नर्सरीत गेलो आणि एक पोतं गांडूळखत विकत घेतलं. त्यातलं मूठभर चटणीच्या डबीत भरलं. दवाखान्याच्या दारात सिस्टरनं डबी उघडली आणि विचारलं हे काय, तर मी म्हणालो, केरळचं आयुर्वेदिक चूर्ण आहे, एकशे आठ मुळ्यांचं. तिनं नाक मुरडून जाऊ दिलं. तू उशीला टेकून बसलीस. खत तळहातावर घेतलंस. अंगठ्यानं चोळलंस, जसं प्रदर्शनात चोळलं होतंस तसंच. नाकाशी नेलंस आणि बराच वेळ तिथंच धरलंस. मग विचारलंस, "शेंगांची टरफलं कुटं गेली?"

नर्सरीच्या खतात टरफल कुठलं असणार? मला तेवढं सुचलं नव्हतं. जन्मभर थापा मारल्या आणि नेमक्या वेळी एवढी साधी गोष्ट विसरलो. तरी तोंड थांबलं नाही. म्हणालो, आपलं पिंप फिरतं ना, त्यात टरफलं दळली जातात, जात्यासारखी.

मी थांबलो. तुझ्या "व्हय?"ची वाट बघत होतो, कौसा. तू ते म्हणाली असतीस तर मी लगेच सगळं कबूल केलं असतं, हसलो असतो, तूही हसली असतीस आणि गोष्ट तिथंच मिटली असती. तू म्हणाली नाहीस. मग डबीचं झाकण लावलंस, ती उशाशी ठेवलीस आणि म्हणालीस, "पद्माला फोन लावा."

मी लावून दिला. "पद्मा," तू म्हणालीस, "आमचं खत लई झ्याक झालंय बघ." मग फोनवर हात ठेवून मला म्हणालीस, "तुमी जरा च्या पिऊन या." मी खाली गेलो. जिना उतरताना मला वाटलं मी जगातला सगळ्यात हुशार माणूस आहे. चहा घेतला, अर्धा तसाच ठेवला. वर आलो तर तू मास्तरीणबाईंशी बोलणं संपवत होतीस. नंतर खताचं तू एकदाही विचारलं नाहीस. ती डबी तुझ्या उशाशी बारा दिवस होती. तेराव्या दिवशी सकाळी लेकीनं तुझ्या बाकीच्या वस्तूंबरोबर ती माझ्या हातात दिली.

तुझ्या दिवसांना तुझा भाऊ बिरा आला होता. तो मेंढरांचा माणूस, घरात फार वेळ बसवत नाही त्याला. मागच्या दारी गेला, पिंप बघितलं, झाकण उघडायला सांगितलं. मी नको नको म्हणत असताना त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला, बाहेर काढला, बोटं बघितली.

"दाजी, ह्याला वारं कुटनं जानार?"

एवढंच. तुझ्याच घरातली माणसं, शब्द तेवढेच खर्चायची. मी तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. तो मला वाटलं समजूत काढेल. त्यानं हात धुतला आणि बोल्ट काढायला बसला.

पण गोष्ट तिथं संपत नव्हती. तुझे दिवस झाल्यावर चौथ्याच दिवशी पद्मक्का आणि मास्तरीणबाई आपल्या दारात आल्या. दोघींच्या मागं दोन निळी पिंपं. रिक्षातून उतरवून घेतली होती. "कौसाक्कानं सांगितलंय," पद्मक्का म्हणाली, "तुमच्यासारखंच करून द्या." तुझं नाव ऐकलं आणि माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. केली मी ती पिंपं. पण करून झाल्यावर, ज्या दिवशी ती त्यांच्या मागच्या दारी बसवली, त्या दिवशी दोघींना समोर उभं करून मी खरं सांगितलं. म्हणालो, आमच्या पिंपात खत झालेलं नाही. कौसाला मी विकतचं दाखवलं. तुम्ही फसलात, ही पिंपं परत करा.

मास्तरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "दुःखात माणूस स्वतःला फार दोष देतो. तुम्ही विश्रांती घ्या." आणि पद्मक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, तुम्ही खोटं बोलता हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. कौसाक्का बोलत नव्हती हेपण माहीत आहे. मग मी कुणाचं ऐकायचं?"

बघितलंस? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, आणि तुझा शब्द माझ्या आड उभा राहिला.

मग माझ्या डोक्यात काय आलं ते तुला सांगायलाच हवं, कारण ते तुला आवडलं नसतं. नर्सरीचं ते पोतं, मूठभर कमी एवढंच, अजून माझ्या बाकाखाली होतं. मला वाटलं, या दोघींची पिंपं मी रोज सकाळी फिरवायला जातोच. त्यांना ती जड जातात म्हणून त्यांनीच बोलावणं लावलं होतं, साडेसातला पद्मक्का, आठला मास्तरीणबाई. रोज फिरवताना एकेक डबा विकतचं खत आत ओतायचं. महिन्याभरात दोघींची पिंपं काळ्या खतानं भरतील. तुझा शब्द खरा ठरेल. कुणाला काही कळणार नाही. माझ्या आजवरच्या सगळ्या थापांत ही एकच पुण्याईची ठरली असती.

बिराच्या सांगण्यावरून मी तिन्ही पिंपांना ड्रिलनं भोकं पाडली होती. दोन हजार भोकं. बरं, दीडशे-दीडशे. बिरानं मेंढरांच्या लेंड्यांचं एक पोतं पाठवलं होतं, ते विरजणासारखं थोडं थोडं घातलं. रबर आणि नमदा काढून टाकला. पिंप आडवं, पण अंगभर जाळी, अगदी तुझ्या हौदासारखी. आपलं भांडण अर्धं तुझ्याकडून आणि अर्धं माझ्याकडून सुटलं, पण ते बघायला तू नव्हतीस. खत खरं खरं व्हायला लागलं होतं, पण त्याला अडीच-तीन महिने लागणार, आणि मला घाई झाली होती. तू खोटी ठरलीस असं एकाही दिवसासाठी कुणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून परवा सकाळी मी डबा भरला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि पद्मक्काकडं गेलो. तिच्या मागच्या दारी पिंपाचं झाकण उघडलं, टॉवेल सोडला, डबा कलता केला, आणि मागून चहाच्या कपाची बशी वाजली. पद्मक्का रोज या वेळी चहा आणायची. मला वाटायचं, तेलुगू घरांची रीत असेल. ती बशी धरून उभी राहिली. मी डबा धरून.

मी म्हणालो, हे नर्सरीचं आहे, कौसाला मी हेच नेऊन दाखवलं होतं. घरी पोतं आहे, त्यावर नर्सरीचं नाव आहे, दाखवतो. आता तरी ऐक.

तिनं कप पिंपावर ठेवला. "मला काय करायचंय अण्णा खताचं," ती म्हणाली. "माझ्याकडं एक तुळस आहे आणि एक कोरफड."

मग तिनं तुझा फोन सांगितला. मी चहा प्यायला खाली गेल्यानंतरचा. ती म्हणाली, "कौसाक्का बोलली, पद्मा, तसलंच पिंप घे. मास्तरीणबाईला पन घ्यायला लावते. आनि दोघी म्हना की आमच्यानं फिरत न्हाय, जड हाय. ह्यांनाच बोलवा. रोज सकाळी. एक दिवस पन सोडू नका. च्या द्या, साखर कमी. काय तरी सांगतील ते, तेवढं ऐकून घ्या."

मी डबा खाली ठेवला. तिच्या तुळशीच्या कट्ट्यावर बसलो. पद्मक्का बोलत होती, की पिंप एका बोटानं फिरतं हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि मास्तरीणबाईंना तर बागच नाही, त्यांनी देठं घालायला मंडईतून भाजी जास्त घ्यायला सुरुवात केलीय.

कौसा, तू मला विचारायचं तरी. तू गेल्यानंतरची गोष्ट तू मला सोडून पद्मक्काशी बोललीस. मी लिंबू आणि चिंचोका सांगत बसलो आणि तू मान डोलावत राहिलीस, कारण मला ते सांगायचं होतं. आपण दोघांनी एकदा तरी, त्या खोलीत, दार लावून खरं बोलायला हवं होतं. मी सुरुवात करायला हवी होती. तुला भीती वाटतेय का, हे मी तुला विचारलं नाही. पाच आठवड्यांत एकदाही नाही. मी खत सांगत राहिलो.

तुला वास येत होता की नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही. बोटांना कळलंच असेल, असं मला वाटतं. तुझी बोटं. कळलं असेल, तर अडतीस वर्षांत तू एकदा खोटं बोललीस, उशीला टेकून, एका फोनवर, एका वाक्यात. मी कणसाला शिडी लावणारा माणूस. माझ्याजवळ इतकी बेमालूम थाप एकही नाही. मी चौकात हे कुणाला सांगितलं तर सांगतील, जॉबर, ही तुझीच.

पद्मक्काचा चहा गार झाला होता, तरी प्यायलो. मग ती काही म्हणायच्या आत मी तिला रंगखान्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, ज्याच्या सावलीवरसुद्धा रंग चढला होता. तिनं सगळी ऐकली. नर्सरीचं पोतं मी काल तिच्यासमोर उघडलं आणि तिच्या तुळशीला घातलं, उरलेलं मास्तरीणबाईंच्या दारच्या कडुलिंबाला. त्या म्हणाल्या कडुलिंबाला खत लागत नाही. मी म्हणालो, असू द्या.

आज सकाळी आपलं पिंप उघडलं. वरचा अर्धा भाग मातीसारखा झालाय, सुटा. खालच्या थराला अजून आंबूस वास आहे. अळ्या कमी झाल्यात, गेलेल्या नाहीत. टरफलं मऊ पडलीत पण ओळखू येतात. राणी रंग गेला. दोघींनी विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं, वाढवलं नाही, कमी केलं नाही.

खत अजून झालेलं नाही, कौसा. मी रोज जातोय.